मेळ : अकरा

दिगंबरराव खैरनारांना शिवी देता येत नाही, असं त्यांच्या ऑफिसातल्या कोणीही छातीठोकपणे सांगितलं असतं. विमा कंपनीत तीस वर्षं नोकरी केलेला सरळमार्गी माणूस, शिपायालासुद्धा ‘अहो’ म्हणणारा. पण हाच माणूस सकाळी सव्वाआठला स्टिअरिंग हातात घ्यायचा आणि मग गंगापूर रोडवर कोणाची धडगत नसे. रिक्षावाले, टँकरवाले, स्कूटरवरच्या कॉलेजकन्या, समोरून उलट्या दिशेने येणारा दूधवाला, सगळ्यांचा यथेच्छ उद्धार व्हायचा. काचा बंद असल्यामुळे ज्याचा उद्धार चालला आहे त्याला त्यातलं अक्षर ऐकू जात नसे. ऐकायला एकच माणूस असायचं, शेजारी डबा मांडीवर घेऊन बसलेल्या वैजयंतीबाई.

गाडी तशी नव्या जमान्याची होती. बटण दाबलं की आपली आपण चालायची. ते बटण दिगंबररावांनी चार वर्षांत एकदाही दाबलं नव्हतं. “यंत्राला काय कळतंय गंगापूर रोडचं!” असं त्यांचं ठाम मत होतं. गिरणाऱ्याच्या अलीकडे वेलबाग सोसायटीत त्यांचं घर. तिथून शहरात सतरा किलोमीटर. वैजयंतीबाईंना सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, त्या शिकवायच्या त्या शाळेत सोडायचं, पुढे मुंबई नाक्याला आपल्या ऑफिसात जायचं. लग्न झालं तेव्हा एवढ्या अंतराला पंचवीस मिनिटं लागायची. मग रस्ता रुंद केला आणि पन्नास लागायला लागली. पुन्हा रुंद केला, तर सव्वा तास. तिसऱ्यांदा रुंद केला तेव्हा लोकांनी पेढे वाटले आणि दोन वर्षांत पावणेदोन तासांवर गोष्ट गेली. यात कोडं काही नाही. पोट सुटलं म्हणून पट्टा सैल करत गेलं की पोटाला आणखी जागा होते, रस्त्याचंही तसंच आहे. नवा रस्ता दिसला की घरात पडून असलेली गाडीसुद्धा बाहेर निघते.

अशात ‘सांगाती’ आली. शहराची नवी बससेवा. सोसायटीच्या फाटकातून छोटी व्हॅन न्यायची, फाट्यावर मोठी बस उभी असायची आणि बसला रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र पट्टा. अठ्ठेचाळीस मिनिटांत सीबीएस. वेलबागेत पत्रकं वाटली गेली, चाळीस दिवस गाडी घरी ठेवून बघा म्हणून.

“सोमवारपासून मी बसने जाणार आहे,” पोळ्या लाटता लाटता वैजयंतीबाई म्हणाल्या.

“आणि मी?”

“तुम्ही या नाहीतर गाडी न्या. तुमची मर्जी.”

दिगंबरराव विचारात पडले. एकट्याने गाडीत बसून बोलायचं कोणाशी, हा प्रश्न त्यांना पडला होता, पण तसं ते कबूल कसे करणार? “बरं, चार दिवस बघू तमाशा,” म्हणत तेही निघाले.

पहिल्या दिवशी नऊ आणि दहा क्रमांकाच्या जागा मिळाल्या, शेजारी शेजारी. वैजयंतीबाई खिडकीशी, हे बाजूला. दिगंबररावांनी अख्खा प्रवास उजव्या पायाने बसचा ब्रेक दाबत काढला. बसचा ब्रेक पंधरा फूट पुढे होता, पण सवय ती सवय. मध्ये एक गाडी बसच्या पट्ट्यात घुसली तेव्हा ते अर्धे उठलेच. “बघ, बघ, अक्कल आहे का त्याला?” वैजयंतीबाईंनी बघितलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी फोनवर जागा आल्या. त्यांना नऊ, यांना तेवीस.

*

बसमध्ये पिवळं जाकीट घातलेली एक तरुण बाई टॅब्लेट घेऊन फिरत होती. डॉ. शर्वरी नाईकवाडे. ही सगळी योजना तिच्या डोक्यातून निघालेली. दिगंबररावांनी तिला गाठलं.

“बाई, तुमच्या मशीनची चूक झालीय. आम्ही नवरा-बायको आहोत.”

“असं का?” शर्वरी हसली. “यंत्राला ते माहीत नाही.”

“मग सांगा की त्याला.”

“सांगायची सोयच ठेवली नाही आम्ही. बसा ना, समजावते.”

आणि तिने समजावलं. चाळीस माणसं चाळीस गाड्यांत बसली तर सिग्नलमागे दोनशे-सव्वादोनशे मीटर रांग लागते. तीच माणसं एका बसमध्ये बसली तर रांग बारा मीटरची. हे गणित चौथीतल्या पोरालाही पटतं, तरी गाडीवाला गाडी सोडत नाही. आजवर सगळ्यांना वाटलं, बसला उशीर होतो म्हणून. म्हणून वेगळा पट्टा दिला. मग वाटलं, घरापासून लांब पडते. म्हणून व्हॅन दिली. गारवा दिला, वेळ अगदी घड्याळ लावून पाळली. दुसऱ्या रस्त्यांवर ही सोय आधी झाली, तिथे लोक आले, वा वा म्हणाले आणि अकराव्या-बाराव्या दिवशी परत आपल्या गाडीत जाऊन बसले.

“मी आठ महिने हेच शोधत होते, की जे टिकले ते का टिकले,” शर्वरी म्हणाली. “वय, पगार, अंतर, सगळं ताडून पाहिलं. काही जुळेना. शेवटी एकच गोष्ट निघाली. जे टिकले त्यांना बसमध्ये बोलायला कोणीतरी मिळालं होतं.”

“हात्तिच्या! एवढंच?”

“एवढंच. गाडीत माणूस फार एकटा असतो, काका. त्याला ते कळत नाही इतकंच.”

पण कोणाचं कोणाशी पटेल हे ओळखायचं कसं? तर त्यालाही जुना शोध कामी आला. दोन माणसं मनापासून बोलायला लागली की त्यांच्या नकळत त्यांची शरीरं एका लयीत येतात. एक पुढे झुकला की दुसरा थोडासा झुकतो, श्वासांचा वेग जवळजवळ येतो, एकाच वेळी बसायची बैठक बदलते. प्रयोगशाळांना हे कधीचं ठाऊक होतं. शर्वरीने सीटच्या गादीत तांदळाच्या दाण्याएवढे दाबमापक बसवले. कॅमेरा नाही, ध्वनिमुद्रण नाही. कोण काय बोललं ते यंत्राला कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. शेजारच्या दोन गाद्यांच्या हालचाली किती जुळतात त्यावरून ते एक आकडा काढायचं. त्याला नाव दिलं होतं मेळ. मग ज्याचा ज्याच्याशी मेळ बसेल त्याला त्याच्या शेजारी जागा. उद्या हा माणूस बसला परत यावा, यापलीकडे यंत्राला दुसरी इच्छा नव्हती.

“म्हणजे तुमचं यंत्र म्हणतंय की आम्ही दोघं एकत्र बसलो तर…”

“तर दोघंही परत गाडीत जाल. हो.”

“आमचा मेळ किती आला?”

शर्वरीने आधी टाळाटाळ केली, मग सांगितलं. “अकरा.”

“छत्तीसपैकी?”

“शंभरपैकी.”

दिगंबरराव जागेवर जाऊन बसले. लग्नाच्या वेळी गुरुजींनी पत्रिका पाहून एकतीस गुण जुळवले होते आणि वर ‘लक्ष्मीनारायणाचा जोडा’ म्हणून दक्षिणाही जास्त घेतली होती. त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली.

*

तेवीस नंबरच्या शेजारी चोविसाला पोपटराव गायधनी. माणूस बागायतदार, आता द्राक्षाची बाग मुलाला देऊन स्वतः रोपवाटिका चालवायचा. आवाज असा की बसच्या त्या टोकाला ऐकू जावा. “भाऊ, माणसानं कलम करावं, पण घाई करू नये,” ही त्याची पहिली ओळख. दिगंबरराव ताठ बसले होते. एक शब्द बोलायचं नाही, असं ठरवून. दहा मिनिटांत पोपटरावने विम्याची एक अडचण विचारली. वीस मिनिटांत दोघं एकाच मास्तरांच्या हाताखाली शिकल्याचं निघालं. सीबीएस येईतो दिगंबरराव त्या मास्तरांची नक्कल करून दाखवत होते आणि पोपटराव मांड्यांवर थापा मारत हसत होता.

आता बघा, गंमत अशी की यंत्रावर राग धरायला जागाच राहिली नाही. तीन आठवडे झाले, गाडीवर धूळ बसली, सोसायटीच्या मांजरीने बॉनेटवर संसार थाटला. उजव्या पायाचा ब्रेक दाबणंही हळूहळू थांबलं. दिगंबररावांना सकाळ आवडायला लागली होती.

एकच गोष्ट खुपायची. पुढून, नऊ नंबरवरून, हसण्याचा आवाज यायचा. वैजयंतीबाईंच्या शेजारी फरीदा बागवान म्हणून एक शिवणकाम करणारी बाई बसे, अशोक स्तंभाजवळ तिचं दुकान होतं. ती काय सांगायची देव जाणे, पण वैजयंतीबाई तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायच्या. दिगंबररावांना पहिल्या दिवशी वाटलं, कोणी दुसरीच बाई हसतेय. आपल्या बायकोचं हसणं आपल्याला ओळखू आलं नाही, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की पोपटरावची अख्खी गोष्ट त्यांच्या कानांवरून गेली.

आणि एका गुरुवारी ते झालं. अशोक स्तंभाला उतरताना फरीदाताई मुद्दाम मागे वळून दिगंबररावांपाशी आल्या.

“दादा, मॅडम जूनपासून बाऱ्ह्याला गेल्या की माझं कसं व्हायचं हो? मला तर आत्तापासूनच करमेनासं झालंय.”

“हो ना,” दिगंबरराव म्हणाले.

“तुमचं बरंय, तुम्ही मोठ्या मनाचे. आमच्याकडे तर बायकोला माहेरी पाठवतानासुद्धा तोंड होतं एवढं.” आणि त्या उतरून गेल्या.

बाऱ्हे म्हणजे सुरगाणा तालुक्यात, घाट ओलांडून पलीकडे. वैजयंतीबाईंच्या संस्थेची तिथे मुलींची निवासी शाळा होती. दहा वर्षांपूर्वी तिथल्या मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी त्यांना विचारणा झाली होती. तो दिवस दिगंबररावांना आठवला. गाडीतच वैजयंतीबाईंनी सांगितलं होतं आणि यांनी टँकरला ओलांडता ओलांडता उत्तर दिलं होतं, “वेड लागलंय का? त्या घाटात दर आठवड्याला गाडी कोण घालणार?” विषय संपला होता. निदान यांना तरी तसं वाटलं होतं.

आता ती जाणार होती. शिंपिणीला माहीत, बहुधा अख्ख्या बसला माहीत आणि नवऱ्याला पत्ता नाही.

संध्याकाळी घरी ते चारदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन परत आले. विचारायचं म्हणजे बाहेरच्या बाईकडून कळलं, हे कबूल करणं आलं. पाचव्यांदा गेले ते भलतंच बोलून बसले.

“उद्यापासून गाडी काढू. पुरे झालं ते बसचं खूळ.”

वैजयंतीबाईंनी भाजीवर झाकण ठेवलं. “तुम्ही न्या. मी बसनेच जाईन.”

*

शुक्रवारी दिगंबरराव एकटे गाडीने निघाले. शेजारच्या सीटवर डबा. आनंदवलीच्या पुढे एक टँकर आडवा आला आणि त्यांनी सवयीने तोंड सोडलं, “दिसत नाही का रे, मूर्खा…” आणि मध्येच थांबले. कोणी ऐकत नव्हतं. आत्तापर्यंत तरी कोण ऐकत होतं, असा प्रश्न मनात आला आणि तो काही केल्या जाईना. गाडी जागची हलत नव्हती. तेवढ्यात बाजूच्या पट्ट्यातून सांगाती पुढे गेली. नऊ नंबरच्या खिडकीत वैजयंतीबाई हात हलवून काहीतरी रंगात येऊन सांगत होत्या. आपल्या बायकोला बोलताना हात हलवायची सवय आहे? दिगंबररावांना आठवेना. सांगाती दिसेनाशी झाली तरी ते तिकडेच बघत होते, मागच्याने हॉर्न वाजवून वाजवून त्यांना जागं केलं.

संध्याकाळी ते फाट्यावर शर्वरीची वाट पाहत उभे राहिले.

“मला आमच्या पहिल्या दिवसाची नोंद बघायचीय. माझ्या बाकाची.”

“कशाला काका? उगीच त्रास करून घ्याल.”

“माझ्या बाकाची नोंद मला मागता येते, पत्रकात छापलंय तुम्ही. मी विम्यातला माणूस आहे, बारीक अक्षर वाचतो.”

शर्वरीने टॅब्लेटवर दोन रेघा काढून दाखवल्या. “खालची रेघ तुमची. वरची शेजारच्या जागेची. नाव नसतं, पण त्या दिवशी शेजारी कोण होतं ते तुम्हाला माहीतच आहे.”

खालची रेघ म्हणजे नुसता खडबडीत डोंगर. सारखी पुढे झेप, सारखा पाय दाबलेला. वरची बरीचशी सपाट, खिडकीकडे कललेली.

“हे काय?” दिगंबररावांनी वरच्या रेघेवर बोट ठेवलं. तिथे एक छोटासा उंचवटा होता.

“इथे त्या तुमच्याकडे वळल्या. हा मोठा श्वास. माणूस काही महत्त्वाचं बोलायला लागण्याआधी असा श्वास घेतो. आणि त्याच क्षणी तुम्ही पुढे झेपावलात. बघा, खालची रेघ. मग त्या परत खिडकीकडे.” शर्वरीने रेघ पुढे सरकवली. “इथे पुन्हा तेच. आणि इथे तिसऱ्यांदा. त्यानंतर अठरा मिनिटं काहीच नाही.”

“तीनदा?”

“तीनदा. खरं सांगू काका? तुमचा आकडा खाली आला तो यामुळे. दोन माणसं नुसती गप्प बसली असती तरी एवढा कमी आला नसता.”

दिगंबररावांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाला फाट्यावर, चारचौघांत रडण्याची सोय नसते. “उद्या मला दहा नंबर द्या,” ते म्हणाले.

“देता येत नाही हो. यंत्र माझंसुद्धा ऐकत नाही. आता बऱ्याच दिवसांनी कधीतरी आपण होऊन पुन्हा चाचणी घेईल, तेव्हा…”

“तोवर जून येईल,” दिगंबरराव म्हणाले आणि चालू पडले.

*

शनिवारी वैजयंतीबाईंची शाळा होती आणि दिगंबररावांना सुट्टी. तरी ते व्हॅनच्या आधी, पायी फाट्यावर पोचले. ड्रायव्हर चहाला गेला होता, दार उघडं होतं. दिगंबरराव आत शिरले, इकडेतिकडे पाहिलं आणि खिशातला पांढरा रुमाल काढून दहा नंबरच्या सीटवर नीट पसरला. मग खाली उतरून कडुलिंबाआड उभे राहिले.

तुम्हाला आम्हाला यात नवल वाटणार नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून ज्याने जागा धरली नाही, तो या जिल्ह्यात वाढलाच नाही. रुमाल पडला की जागा त्याची. पैलवान असो की पुढारी, त्यावर कोणी बसणार नाही. हा कायदा कुठे लिहिलेला नाही म्हणूनच कोणी मोडत नाही. पण शर्वरीच्या यंत्राला तो कोणी शिकवला नव्हता.

वैजयंतीबाई चढल्या. नऊला बसल्या. शेजारचा रुमाल त्यांनी पाहिला, तो आदल्या दिवशी त्यांनीच इस्त्री केलेला होता. त्यांनी डबा मांडीवर घेतला. मग फरीदाताई आल्या. स्वतःच्या हक्काच्या जागेवर रुमाल दिसताच, “अगंबाई, कोणीतरी धरलीय वाटतं,” म्हणत मुकाट्याने पुढे गेल्या आणि रिकामी तेवीस पाहून पोपटरावशेजारी बसल्या. दिगंबरराव चढले, रुमाल उचलला आणि दहावर बसले. आता त्यांची रिकामी जागा फरीदाताईंनी घेतली होती, म्हणजे हिशेब सरळ होता. पण यंत्राला दहावर भलतंच वजन आणि तेविसावर भलतंच वजन दिसल्याबरोबर ते गोंधळलं. पुढच्या थांब्यावरच्या लोकांना त्याने ऐनवेळी नव्या जागा पाठवल्या. जुन्या जागेवर बसलेले उठेनात. “माझ्या फोनवर चौदा आलंय.” “अहो, माझ्याही.” “मग टाका रुमाल!” असं कोणीतरी ओरडलं आणि पाहता पाहता बसभर रुमाल, छत्र्या, एका आजोबांची टोपी, सगळं सीटांवर येऊन पडलं. भलताच माणूस बसला की लाल होणारे सीटांवरचे दिवे, ते सगळे लाल. शर्वरी मधोमध उभी राहून बघत होती. “आम्ही सगळ्याचा विचार केला होता,” ती हताशपणे म्हणाली, “याचा नाही केला.”

या सगळ्या गोंधळात दिगंबरराव हातातल्या रुमालाच्या घड्या करत बसले होते. गंगापूर नाक्यापाशी एक गाडी बसच्या पट्ट्यात घुसली. त्यांचं तोंड उघडलं. त्यांनी ते मिटलं.

“वैजू.”

“हं.”

“पहिल्या दिवशी तू तीनदा बोलायला गेलीस माझ्याशी. काय सांगायचं होतं?”

वैजयंतीबाई वळल्या. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“गादीने.”

त्यांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. “कळलंय तुम्हाला. फरीदाताई बोलल्या असतील.”

“हो. त्यांना सांगितलंस, मला नाही. मला फार लागलं ते.”

“लागणारच.” वैजयंतीबाई म्हणाल्या. “मी गेल्या दिवाळीतच अर्ज केला. डिसेंबरात पत्र आलं. तेव्हापासून रोज ठरवायची, आज गाडीत सांगायचं. पण तुमचं तिकडे कोणाशीतरी भांडण चाललेलं असायचं.”

“घरी सांगायचंस.”

“घरी सांगितलं असतं तर तुम्ही शांतपणे ऐकलं असतंत आणि नको म्हणाला असतात. आणि मी परत थांबले असते. मला तुमची नाही, माझीच भीती वाटत होती. दहा वर्षं झाली हो. त्या घाटाचं नाव काढलं की अजून पोटात तुटतं माझ्या.”

दिगंबररावांच्या जिभेवर बरंच काही आलं. तुझं बीपी, तिथला पाऊस, दवाखाना कुठे, माझ्या जेवणाचं काय. एकेक त्यांनी गिळलं. सगळ्यांत जड गेलं ते शेवटचं.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “तू जा. मी नको म्हणणार नाही.”

“आत्ता म्हणताय.”

“आत्ता म्हणतोय, खरंय. जूनपर्यंत रोज म्हणत जाईन, म्हणजे तुझा विश्वास बसेल.” आणि मग त्यांनी ते विचारलं जे दहा वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं. “मुली किती आहेत तिथे?”

“एकशे बेचाळीस,” वैजयंतीबाई म्हणाल्या आणि त्यांचे हात हलायला लागले. पुस्तकं दोन पत्र्याच्या पेट्यांत कुलूप लावून ठेवलीत, कुलपाची किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही. सातवीतली एक मुलगी झाडांची नावं तिच्या बोलीत आणि मराठीत अशी दोन्ही लिहून ठेवते, तिची वही त्यांनी संस्थेच्या कार्यक्रमात पाहिली होती. तिथे एक खोली ग्रंथालयाला काढायची होती. त्या सांगत गेल्या, दिगंबरराव विचारत गेले. सीबीएस आलं. शाळेचा थांबा आला आणि गेला. शेवटी बस रिकामी होऊन डेपोत उभी राहिली तेव्हा वैजयंतीबाई दचकल्या. “अगंबाई! पहिला तास माझा होता!” पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना पहिल्यांदा उशीर झाला.

उतरताना शर्वरीने दिगंबररावांना थांबवलं. त्यांना वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी आधीच कानाला खडा लावला, “पुन्हा नाही टाकणार रुमाल.”

“ते ठीक आहे. पण आकडा बघायचाय का?”

“सांगा.”

“एकोणीस.”

“एवढं बोललो तरी एकोणीस?”

“सरासरी असते, काका. आणि मधे मधे तुम्ही अजून ब्रेक दाबता.”

*

सोमवारी जागा आल्या. वैजयंतीबाईंना नऊ, दिगंबररावांना तेवीस. एकोणिसाला यंत्र कसं बधणार? दिगंबररावांनी शब्द दिला होता, रुमाल खिशातच राहिला. रविवारभर घरात दोघं जरा अवघडल्यासारखीच वावरली होती. चांगलं बोलणं झालं की दुसऱ्या दिवशी लाज वाटते, तसं काहीसं. बायकोने शनिवारी सांगितलं ते आपण विचारलं म्हणून, की तिला सांगावंसं वाटलं म्हणून, हे त्यांना कळत नव्हतं. जूनला दहा आठवडे होते. ते मुकाट्याने तेविसावर जाऊन बसले.

पोपटराव डाळिंबाच्या कलमाबद्दल सांगत होता. बस सुटली. फरीदाताई नऊ नंबरशेजारी आपल्या जागेवर होत्या. आणि तेवढ्यात दिगंबररावांनी पाहिलं, वैजयंतीबाई उठल्या. चालत्या बसमध्ये दांड्या धरत धरत, डबा काखेत सांभाळत त्या मागे आल्या आणि पोपटरावपुढे उभ्या राहिल्या.

“भाऊ, एक काम होतं. फरीदाताईंच्या गच्चीवर लिंबाचं झाड आहे, त्याला फळच धरत नाही म्हणतात. जरा बघता का?”

“आत्ता? बसमध्ये?”

“माहिती तरी सांगा.”

पोपटरावने एकदा वैजयंतीबाईंकडे पाहिलं, एकदा दिगंबररावांकडे, आणि मिशीतल्या मिशीत हसत उठला. “सांगतो की. लिंबाचं फार नाजूक असतं, भाऊ,” असं जाता जाता दिगंबररावांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला.

वैजयंतीबाई खिडकीशी बसल्या. वरचा दिवा लाल झाला आणि लुकलुकायला लागला. दिगंबरराव काही बोलले नाहीत. बोललो तर ती उठून जाईल की काय, असं त्यांना वाटत होतं.

“येत्या शनिवारी सुट्टी घेतलीय मी,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “बाऱ्ह्याला खोली बघायला जायचंय. राहायची. एकटीच जाणार होते. येता का?”

“येतो,” दिगंबरराव म्हणाले. मग घाईघाईने म्हणाले, “गाडी धुऊन ठेवतो. मांजरीला हुसकावावं लागेल. सकाळी सहाला निघालो तर—”

“गाडी नको. एसटीने जाऊ.”

“अगं, तीन तास लागतील एसटीला!”

“लागू देत,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “गाडीत तुम्ही रस्त्याकडे बघता.”